अप्रेझलमधलं 'कन्स्ट्रक्टिव्ह' म्हणजे नक्की काय हवंय यांना?

घणसोलीची_ताई:
ऐरोलीत जॉबला आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. यंदा अप्रेझलच्या फॉर्मवर मॅनेजरने लिहिलंय की मीटिंगमध्ये कन्स्ट्रक्टिव्ह ॲटिट्यूड वाढवायला हवा. आता मी कोणाशी भांडत नाही, कोणाला टोमणे मारत नाही, फक्त तपासायला आलेलं बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, गंडलेलं असेल तर गंडलंय असं सांगते आणि तेच तर माझं काम आहे ना?? डिक्शनरीत रचनात्मक दिलंय, त्याने काही उलगडा होत नाही. पॉझिटिव्ह राहा असंच म्हणायचंय का? खाली आपली कमेंट लिहायचा रकाना आहे, उद्याच लास्ट डेट.

कोपरीवाला:
नाही हो ताई, पॉझिटिव्ह वेगळं. पॉझिटिव्ह माणूस "होईल होईल" करत बसतो आणि रिलीजच्या आदल्या रात्री सगळ्यांची धावपळ. कन्स्ट्रक्टिव्ह माणूस बिनधास्त नाही म्हणतो, फक्त नाही म्हणून गप्प बसत नाही. म्हणजे "लॉगिन चालत नाही" एवढ्यावर न थांबता "ओटीपीनंतर अडकतंय, तेवढं आज द्या, तोवर मी बाकीचं तपासते" असं. आमच्या सोसायटीच्या एजीएमला एक काका दरवर्षी लिफ्टवरून बोंबलतात, पण कमिटीत या म्हटलं की चपला शोधायला लागतात, ते याच्या बरोब्बर उलटं.

जुनं_ठाणं:
मराठीत याला विधायक म्हणतात. विधायक टीका, विधायक काम. गांधीजींनी 1941 साली कन्स्ट्रक्टिव्ह प्रोग्रॅमवर पुस्तिका लिहिली, खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यता निवारण वगैरे, तो आपल्याकडे विधायक कार्यक्रमच. नुसता सरकारला विरोध नाही, सोबत काहीतरी उभं पण करायचं. ऑफिसात हिंदीवाले असतील तर मात्र जपून, त्यांच्यात विधायक म्हणजे आमदार.

वाशीचा_वकील:
थोडं अवांतर. कायद्यात हा शब्द दिसला तर फसू नका. कन्स्ट्रक्टिव्ह नोटीस म्हणजे चांगल्या भावनेने दिलेली नोटीस नव्हे, तुम्हाला माहीत होतं असं कायद्याने धरून चालणं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 3. फ्लॅट घेताना त्यावरचा आधीचा रजिस्टर्ड करार बघितलाच नव्हता असं नंतर म्हणून सुटका नाही.

घणसोलीची_ताई:
आमदार, हाहा. पण कोपरीवाले, बग कुठे अडकतोय ते शोधणं डेव्हलपरचं काम ना? ते पण मीच करायचं तर हाईक पण तशी द्या की.

कोपरीवाला:
हे रकान्यात लिहू नका म्हणजे झालं. कुठल्या मीटिंगमध्ये, मी काय बोलले, एक उदाहरण द्या, एवढंच मागा.