ताज्या फुलांचा बुके: फोटो बघून मागवायचा की फुलवाल्याशी बोलून?

पानगळ (धागाकर्ती)

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या शहरात बुके पोचवायचा आहे, तिथल्या फुलवाल्याला स्वतः फोन करावा. प्रसंग सांगावा, रंग सांगावा, बजेट सांगावं आणि कोणती फुलं घालायची ते त्याच्यावर सोडावं. वेबसाइटवरचा फोटो निवडून 'हाच हवा' म्हणणं मला पटत नाही.

फोटोतला बुके स्टुडिओत, दिव्यांखाली, सगळी फुलं कॅमेऱ्याकडे तोंड करून बांधलेला असतो. ज्या दिवशी तुम्ही पैसे भरता त्या दिवशी दुकानात कोणता माल आला आहे, कोणता चांगला आहे, याच्याशी त्या फोटोचा काही संबंध नसतो. फुलवाला मात्र सकाळीच माल उघडून बघतो. आज पिवळी शेवंती टवटवीत आहे आणि गुलाबी गुलाब मलूल आहे, हे त्याला ठाऊक असतं. पण ऑर्डरमध्ये गुलाबी गुलाबाचा फोटो आला की त्याला तोच मलूल गुलाब लावावा लागतो.

दुसरं म्हणजे मधला माणूस. बऱ्याच वेबसाइटी स्वतः दुकानदार नसतात. ऑर्डर घेणारा एक, बांधणारा दुसरा, नेऊन देणारा तिसरा. दूरच्या गावची ऑर्डर तिथल्या फुलवाल्याकडे सोपवायची पद्धत तशी जुनी आहे. १९१० साली अमेरिकेतले फुलविक्रेते त्यासाठी एकत्र आले आणि तारेने ऑर्डरी पाठवू लागले. एफटीडी ही संस्था तिथूनच सुरू झाली. पण तेव्हा तारेच्या दोन्ही टोकांना फुलवालाच होता. आज मधे बसलेल्या कित्येकांचा फुलाला हातही लागत नाही. ते आपलं कमिशन कापून घेतात, सेवाशुल्क वेगळं लावतात आणि उरलेल्या पैशात फोटोतला बुके बांधायला सांगतात. तो कसा होणार? मग फुलं कमी, जिप्सोफिला (भरीला घालतात ती बारीक पांढरी फुलं) भरपूर आणि कागद मोठा.

माझ्या मावशीला असाच बुके गेला होता. लिलीच्या जागी जरबेरा आणि गुलाबांनी माना टाकलेल्या. विचारल्यावर उत्तर आलं, 'उपलब्धतेनुसार फुलं बदलू शकतात.' कोणाच्या दुकानात बांधला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ज्याने बांधला त्याचं नावच कळत नसेल तर जाब विचारायचा कोणाला?

---

उत्तरवारा

पूर्णपणे असहमत. तुमच्याच उदाहरणातून उलटा मुद्दा निघतो. मावशींचा बुके चुकीचा आला हे तुम्ही ठामपणे म्हणू शकलात, कारण तुमच्याकडे फोटो होता. 'रंग सांगा आणि माझ्यावर सोडा' असं झालं असतं तर तोच बुके 'आज हीच फुलं चांगली होती' म्हणून गळ्यात मारला गेला असता आणि तुम्हाला बोलायला जागाच राहिली नसती.

मी आईवडिलांपासून लांब राहतो. तिथे कोणता फुलवाला प्रामाणिक आहे हे मला कसं कळणार? ओळखीचा फुलवाला असणं ही सोय सगळ्यांना नसते. त्यात कामाच्या वेळेत फोन करायचा, तो उचलेपर्यंत थांबायचं, रंग समजावून सांगायचे. वेबसाइटवर रात्री अकराला ऑर्डर जाते, पावती येते, बुके पोचल्याचा निरोप येतो, तक्रार नोंदवता येते. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा काय?

आणि स्पष्टच लिहितो, 'फुलवाल्यावर सोडा' याचा अर्थ अनेक दुकानांत 'कालचं उरलेलं खपवा' असाच होतो.

---

देठ

मी फुलांच्याच धंद्यात आहे, त्यामुळे दोघांच्याही मुद्द्यांवर थोडं लांबण लावतो.

उरलेला माल खपवणारे दुकानदार आहेत, नाकारत नाही. पण 'ताजं' कशाला म्हणायचं ते गिऱ्हाइकाला नीट कळलं तर ही फसवणूक बरीच थांबेल. समजा, आज संध्याकाळी वाढदिवस आहे. त्यासाठी मी आजच आलेली लिली दिली तर तुमच्या हातात हिरव्या बंद कळ्या पडतील. समारंभाला दोन दिवस पाण्यात राहून उमललेली लिली लागते. तोच बुके घरी आठवडाभर ठेवायचा असेल तर मात्र कळ्याच द्यायला हव्यात. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, 'आज मिरवायचाय की घरात ठेवायचाय?' फोटोच्या ऑर्डरीत हा प्रश्न मी विचारायचा कोणाला? पाठवणाऱ्याचा नंबर मला दिलेलाच नसतो.

मान टाकलेल्या गुलाबाबद्दल. तो नेहमीच शिळा असतो असं नाही. देठातल्या बारीक नळ्यांत हवा शिरली किंवा घाण पाण्यातल्या जिवाणूंनी त्या बुजल्या की पाणी वर चढत नाही आणि फुलाखालची मान वाकते. असा गुलाब घरी आला तर टोकाकडून दोनेक सेंटिमीटर देठ धारदार सुरीने तिरपा कापा, कागदात सरळ गुंडाळा आणि मानेपर्यंत पाण्यात उभा करा. वेळेत केलं तर पुष्कळदा दोन-तीन तासांत मान वर येते. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका, ती कुजून पाणी नासवतात.

शिळा गुलाब ओळखायचा तर पाकळ्यांच्या बुडाशी बोटांनी हलकेच दाबून बघा. घट्ट लागला तर ताजा, मऊ आणि पोकळ लागला तर जुना. बाहेरच्या एक-दोन पाकळ्यांवर हिरवट-तपकिरी डाग दिसले म्हणून घाबरू नका. शेतावरून येताना आतल्या पाकळ्यांना इजा होऊ नये म्हणून त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. आम्ही त्या काढतो. घाईत राहिल्या तर गिऱ्हाईक 'सडका दिला' म्हणून फोटो पाठवतं.

बदली फुलांचं म्हणाल तर बदल करावाच लागतो. फक्त कशाच्या जागी काय, याला रीत आहे. रंग तोच ठेवायचा, आकार तोच ठेवायचा आणि किमतीने खाली उतरायचं नाही. लिलीच्या जागी जरबेरा यातली एकही गोष्ट पाळत नाही. तिथे पानगळताई, तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर.

---

हिशेबी

देठ यांनी चांगलं लिहिलंय, पण 'बजेट सांगा' या सल्ल्याला माझा विरोध आहे. गिऱ्हाइकाने आधी आकडा सांगितला की बुके त्या आकड्याचा होतो, मग आत काहीही असो. फुलाचा भाव दांड्यावर असतो ना? मग दांडे मोजूनच बोला. 'इतक्या पैशात मोठ्या फुलांचे किती दांडे, फिलर म्हणजे भरीची बारीक फुलं-पानं किती, पॅकिंगचे किती, डिलिव्हरीचे किती?' एवढं विचारलं की समोरचा माणूस कसा आहे ते लगेच कळतं. वेबसाइटवर निदान 'बारा गुलाब' असं लिहिलेलं तरी असतं, मोजून घेता येतात.

---

देठ

दांडे जरूर मोजा, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. गुलाबाची प्रतवारी देठाच्या लांबीवर आणि फुलाच्या आकारावर होते. चाळीस सेंटिमीटरचे बारा आणि सत्तर सेंटिमीटरचे बारा यांच्या भावात मोठा फरक असतो. फोटोत देठ कागदात झाकलेले असतात, म्हणून 'बारा गुलाब' लिहिणाऱ्याला यातलं काहीच सांगावं लागत नाही. लांबीही विचारा.

---

रानवाट

मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. कापलेली फुलं पाठवायचीच कशाला? आठवड्यात कचऱ्यात जाणार. त्यासाठी शीतगृहं, विमानं, प्लास्टिकचा कागद आणि देठ खोचायला वापरतात तो हिरवा फोम. हा फोम कुजत नाही, त्याचा चुरा होऊन तो पाण्यात आणि मातीत जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तो हद्दपार केला, तो उगाच नाही. कुंडीतलं रोप पाठवा, वर्षानुवर्षं राहील.

---

पानगळ

फोमबद्दल तुमच्याशी सहमत. पण हाताने बांधलेल्या बुकेला फोम लागतच नाही, तो टोपलीच्या आणि डब्याच्या रचनेला लागतो. 'फोम नको' एवढं फोनवर सांगितलं की झालं.

रोपाचं मात्र पटत नाही. नुकतंच बाळंतपण झालेल्या किंवा दुःखात असलेल्या माणसाला रोप देणं म्हणजे त्याच्यावर आणखी एका जिवाची जबाबदारी टाकणं. फुलं चार दिवस घरात असतात, मग जातात, आणि ती जगवायला हवी होती असं कोणाला वाटत नाही. त्या चार दिवसांत आजारी माणसाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो मी पाहिलेला आहे. त्याला मी कचरा म्हणणार नाही.

---

हिशेबी

@रानवाट, विमानाचा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २००७ मध्ये केनियातल्या आणि नेदरलँड्समधल्या गुलाबांची तुलना केली होती. विमानाने आणूनही केनियाच्या गुलाबाचं कार्बन उत्सर्जन कितीतरी कमी भरलं, कारण नेदरलँड्समध्ये काचघरं तापवायला आणि उजेडासाठी प्रचंड ऊर्जा जाते. तेव्हा जवळचं ते हिरवं, असं डोळे झाकून म्हणता येत नाही. हंगामातलं आणि उघड्यावर वाढलेलं फूल मागितलं तर मात्र दोन्ही प्रश्न कमी होतात.

---

रानवाट

हंगामातलं फूल, हे मान्य. पण मग वर्षभर तोच ट्युलिपचा फोटो दाखवणाऱ्या वेबसाइटींचं काय? लोकांना हंगाम विसरायला त्यांनीच शिकवलं.

---

उंबरठा

ज्याच्या दारात बुके जातो त्याच्या बाजूने कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या घरी मांजर आहे. लिली मांजराला अतिशय विषारी असते. पान, पाकळी, अंगावर सांडलेला परागकण चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मला आलेल्या बुकेत लिली होत्या आणि तो तसाच्या तसा शेजारी द्यावा लागला. पाठवणाऱ्याने प्रेमानेच पाठवला होता, पण त्याला कोणी विचारलंच नाही.

रुग्णालयांचंही तेच. अतिदक्षता विभागात बहुतेक ठिकाणी फुलं नेऊ देत नाहीत. बुके खाली चौकशीच्या टेबलावर पडून राहतो आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. आधी विचारून घरच्या पत्त्यावर पाठवावा.

---

उत्तरवारा

@उंबरठा, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण फुलवाले तरी कुठे विचारतात? मला फोनवर एकानेही मांजराचं विचारलेलं नाही. उलट वेबसाइटवर 'घरात मांजर आहे का' अशी एक चौकट टाकली की तो प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता विचारला जाईल. माणूस घाईत विसरतो. तुम्ही सगळे चांगल्या फुलवाल्याची तुलना वाईट वेबसाइटशी करताय. तुलना करायची तर चांगल्याची चांगल्याशी करा.

---

देठ

लिलीबद्दल आम्ही विचारायला हवं, यात वाद नाही. उंबरठा यांचं वाचून मी लिलीच्या बादलीवर तशी पाटी लावतो आहे.

पण चांगल्या वेबसाइटलाही एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे थंडावा शेवटच्या दारापर्यंत नेणं. गुलाब आणि कार्नेशन दोन-चार अंशांवर ठेवले तर टिकतात. अँथुरियम आणि बरीचशी ऑर्किड त्याच थंडीत काळी पडतात, त्यांना साधारण बारा अंशांच्या वरच ठेवावं लागतं. फुलवाला ती वेगळी ठेवतो. पुढे मिश्र बुके बांधून डिलिव्हरीवाल्याच्या हाती दिला आणि त्याने तो दहा पार्सलांबरोबर उन्हात तापलेल्या डिकीत टाकला की आमची सगळी मेहनत वाया. त्यात शेजारी पिकलेल्या फळांची पेटी असेल तर आणखी वाईट. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटतात, मग उघडत नाहीत. म्हणून मी विचारतो की बुके कोण नेणार, किती ठिकाणी थांबणार. स्वतःचा माणूस पाठवणारं दुकान मिळालं तर ते सोडू नका.

---

उत्तरवारा

हे मला खरोखर माहीत नव्हतं. तरी माझी अट कायम आहे. पुराव्याशिवाय पैसे देणार नाही. दुकानातून निघण्यापूर्वी बांधलेल्या बुकेचा फोटो पाठवत असाल तर मी फोनवर ऑर्डर द्यायला तयार आहे.

---

देठ

पाठवतो, मागितला नाही तरी पाठवतो. फक्त १४ फेब्रुवारीसारख्या दिवशी शब्द देता येत नाही, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

---

उत्तरवारा

म्हणजे नेमका ज्या दिवशी भरवसा लागतो, त्याच दिवशी तो नाही. मग त्या दिवशी मी वेबसाइटवरूनच मागवणार.

---

पानगळ

त्या दिवशी वेबसाइटची ऑर्डरही त्याच गर्दीतल्या दुकानात जाते, फक्त कमिशन कापून. त्या एका तारखेसाठी शेतकरी दीड-दोन महिने आधी गुलाबाची छाटणी करतात, सगळा माल एकदम काढतात, भाव चढतात आणि बांधणारे हात मात्र तेवढेच असतात. तारखेचा हट्ट नसेल तर दोन दिवस पुढे मागवा. हट्ट असेल तर आठवडाभर आधी फोन करून लाल गुलाब सोडून दुसरं काय चांगलं येणार आहे ते विचारा.

---

हिशेबी

आणि दांडे मोजा.

---

देठ

सकाळच्या पहिल्या फेरीत बुके घेऊन जायला सांगा. पत्त्याबरोबर घेणाऱ्याचा फोन नंबर द्या. दार बंद असेल तर कोणत्या शेजाऱ्याकडे द्यायचा तेही लिहा. माझे सर्वात जास्त बुके बंद दारासमोर वाळलेत.