शिकागोतली दाई आणि तिचा रोलिफ्लेक्स
फोटोग्राफीबद्दल कुणीतरी म्हटलंय, 'रोज घर ते ऑफिस करणाऱ्याला कसले फोटो मिळणार, त्यासाठी लडाखच गाठायला हवं.' मला लगेच व्हिव्हियन मायर आठवली. बाई शिकागोच्या उपनगरांत लोकांची मुलं सांभाळायची, अशी जवळपास चाळीस वर्षं. मुलांना फिरायला न्यायचं, गळ्यात रोलिफ्लेक्स कॅमेरा, आणि वाटेत दिसेल ते टिपायचं: बाकावर पेंगणारा म्हातारा, रडवेलं पोर, दुकानाच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब.

रोलिफ्लेक्सची खरी गंमत अशी, की तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाजवळ धरून मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. तिथे चित्र उजवं-डावं उलटं दिसतं, सवय व्हायला वेळ लागतो. पण समोरच्याला वाटतं, बाई काहीतरी चाचपतेय. शिवाय कॅमेरा खालून बघतो, त्यामुळे साधा वाटसरूही उंच, भारदस्त दिसतो. एका रोलमध्ये फक्त 12 चौकोनी फ्रेम. आपण फोनवर एका चहाचे तेवढे काढतो! (मीसुद्धा.)

भाडं थकलं म्हणून तिच्या गोदामातलं सामान 2007 मध्ये लिलावात निघालं, तेव्हा कुठे त्यातले खोके उघडले. एक लाखावर निगेटिव्ह. 2009 मध्ये ती गेली.

मला मात्र सारखे आठवतात ते तिचे न धुतलेले रोल. शेकडो होते. म्हणजे त्यातले फोटो तिने स्वतःही कधी पाहिले नाहीत.