लेस्टरहून नॉर्वे: तीन गाड्या, अकरा माणसे आणि फेऱ्यांचे वेळापत्रक

कापूसकोंड्या

नमस्कार मंडळी. लेस्टर आणि आसपास राहणारी आमची तीन कुटुंबे येत्या जुलैअखेर स्वतःच्या गाड्यांनी नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) पाहायला जाण्याचा बेत करीत आहेत. आठ मोठी माणसे, तीन मुले आणि हाताशी सोळा दिवस. माझे आईवडील त्या सुमारास सांगलीहून आमच्याकडे आलेले असतील, त्यामुळे तेही बरोबर असतील. आईला मात्र बोट लागते. गाडी चालवणारे आम्ही पाच जण आहोत, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय दोघांनाच आहे.

ब्रिटनमधून थेट नॉर्वेला गाडी नेणारी फेरी (बोट) आहे का? नसल्यास डोव्हरची छोटी, स्वस्त फेरी घेऊन उरलेले अंतर रस्त्याने कापावे, की रात्रभराची लांब फेरी घ्यावी? आणि तिन्ही गाड्यांचे आरक्षण एकत्र करावे की वेगवेगळे? ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सागरगोटा

थेट फेरी आता नाही. न्यूकॅसल ते बर्गेन ही सेवा २००८ मध्ये बंद झाली आणि हार्विच ते डेन्मार्कमधील एस्ब्येर्ग ही २०१४ मध्ये. त्यामुळे आता फ्रान्स किंवा नेदरलँड्समध्ये उतरायचे, जर्मनी ओलांडून डेन्मार्कच्या उत्तर टोकाला हिर्ट्सहाल्स बंदर गाठायचे आणि तिथून सव्वातीन तासांच्या फेरीने नॉर्वेतल्या क्रिस्टियान्सांडला जायचे, हाच सरळ मार्ग उरतो.

डोव्हर ते कॅले ही दीड तासाची फेरी तिकिटापुरती स्वस्त आहे. मात्र कॅलेपासून हँबुर्ग सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे, तर हार्विचची फेरी जिथे लागते त्या नेदरलँड्समधल्या हुक व्हान हॉलंडपासून (थोडक्यात हुक) सुमारे पाचशे. या अडीचशे किलोमीटरचे इंधन, एक जास्तीचा मुक्काम आणि चालकांचा शिणवटा तिकिटात मिळवा, म्हणजे स्वस्ताई कुठे जाते ते कळेल. हार्विच–हुक, हल–रॉटरडॅम आणि न्यूकॅसल–आयमाउडन या तिन्ही मार्गांवर रात्रीच्या फेऱ्या आहेत. रात्रीची फेरी हा प्रवास न समजता मुक्काम समजावा, कारण चालक त्या रात्री आडवा होतो आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी उजव्या बाजूच्या रस्त्यावर उतरतो. हाच विचार परतीलाही लावा. ओस्लोहून दुपारी दोनला निघणारी फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जर्मनीत कीलला पोहोचते, म्हणजे डेन्मार्कचा संपूर्ण रस्ता तुम्ही जेवत-झोपत ओलांडलेला असतो.

हुक ते हिर्ट्सहाल्स हे साधारण हजार किलोमीटर एका दिवसात मारण्याचा मोह टाळावा. हँबुर्गला एल्बे नदीखालच्या बोगद्यापाशी सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, तेव्हा पहिला मुक्काम ब्रेमेनच्या आसपास केल्यास तो टप्पा दुसऱ्या दिवशी अगदी सकाळी पार करता येतो. हिर्ट्सहाल्सची फेरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळची न घेता चौथ्या दिवशी सकाळची घ्या. तीन गाड्यांपैकी एखादी मागे पडतेच आणि फेरी कुणासाठी थांबत नाही.

आरक्षण प्रत्येक गाडीचे स्वतंत्र ठेवावे, फक्त ते एकाच बैठकीत करावे. एका कुटुंबाला ऐनवेळी बदल करावा लागला तर बाकीच्यांची तिकिटे शाबूत राहतात. आईंसाठी बोटीच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर केबिन मागावी, तिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. फेरी सुटल्यावर गाड्यांच्या मजल्यावर परत जाऊ देत नाहीत, हे ठाऊक असूनही सासूबाईंची रक्तदाबाची गोळी डिकीतल्या मोठ्या बॅगेत राहिली आणि आम्ही रात्रभर त्यांच्याकडे बघत बसलो. प्रत्येक कुटुंबाने रात्रीपुरती एक पिशवी वेगळी भरावी आणि औषधे त्यातच ठेवावीत.

भाजणी

सागरगोटा यांच्या मार्गाशी मी सहमत आहे. मात्र फेरीचे पैसे भरण्याआधी व्हिसाचा प्रश्न सोडवा. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांना छोट्या सहलीसाठी व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) लागतो, आणि नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये असल्याने तोच व्हिसा संपूर्ण वाटेवर चालतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून तुमच्या बाबतीत नॉर्वेकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

खरी अडचण आईवडिलांची आहे. सामान्यतः अर्ज आपण जिथे कायदेशीर रहिवासी आहोत तिथून करावा लागतो, आणि ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून आलेली व्यक्ती तिथली रहिवासी धरली जात नाही. त्यांचा शेंगेन व्हिसा निघण्यापूर्वी भारतातूनच काढून घ्यावा. शिवाय परतीसाठी त्यांचा ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते पाहून ठेवा.

खाऊविषयी एक सूचना: ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. चिवडा, भाजणी, लोणचे खुशाल न्यावे, तूप आणि पनीर मात्र घरी ठेवावे. आमच्या गटात सर्वांत मोठा वाद तुपावरूनच झाला होता.

घाटमाथा

मला तीन गाड्यांची कल्पनाच पटत नाही. पाच चालकांत तीन गाड्या म्हणजे एका गाडीला एकच चालक, आणि तो उजव्या बाजूला नवखा असण्याची शक्यता बरीच. त्याऐवजी चालकासह नऊ आसनांची एक गाडी, जी साध्या परवान्यावर चालवता येते, आणि एक घरची गाडी अशा दोन पुरतात. भाड्याची घेतल्यास ती देशाबाहेर आणि फेरीवर नेण्याची लेखी परवानगी घ्यावी. फेरीचे भाडे गाडीच्या लांबी-उंचीप्रमाणे ठरते, म्हणून छतावर पेटी लावणार असाल तर पेटीसकट उंची मोजूनच आरक्षण करा.

नॉर्वेमधल्या छोट्या फेऱ्यांचा धसका मात्र घेऊ नये. स्टाव्हांगर ते बर्गेन या रस्त्यावर दोन फेऱ्या लागतात; तिथे आरक्षण न करता रांगेत गाडी लावायची, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल नंतर घरी येते. लाविक ते ओपेडाल या वीस मिनिटांच्या मार्गावर तर २०१५ पासून विजेवर चालणारी फेरी आहे, मुलांना ती जरूर दाखवा. आणि ज्या आईंना बोट लागते त्यांना सांगा की फ्योर्डचे पाणी बहुधा शांत असते. हेलेसिल्ट ते गायरांगर हा तासाभराचा प्रवास त्यांना डेकवर बसून करता येईल.

कापूसकोंड्या

सर्वांचे मनापासून आभार. हार्विचहून रात्रीची फेरी, ब्रेमेनला मुक्काम, हिर्ट्सहाल्सहून सकाळी निघणे आणि परतीला ओस्लो ते कील, इतके आमच्या कालच्या बैठकीत एकमताने ठरले. कीलनंतर त्याच दिवशी हुकची रात्रीची फेरी गाठण्याचा हट्ट सोडून मध्ये एक मुक्काम वाढवला आहे. दोन गाड्यांचा प्रस्ताव मात्र अजून अडला आहे, कारण आमच्या एका मित्राला स्वतःची नवी गाडी फ्योर्डच्या काठाने चालवायचीच आहे. वडिलांना आजच फोन करून व्हिसाच्या कागदपत्रांची यादी सांगितली. त्यांनी सर्व शांतपणे लिहून घेतले आणि मग आईने मागून विचारले, की तूप नाही तर पुरणपोळीवर घालायचे काय?