मदत हवी आहे: क्रूझवरून उतरून अ‍ॅडोच्या सफारी लॉजमध्ये एक रात्र कशी जमवावी?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही सहा मैत्रिणी मॉरिशस ते केपटाउन क्रूझला जातोय. वाटेत दक्षिण आफ्रिकेतली डरबन आणि पोर्ट एलिझाबेथ (2021 पासून गेबेरा) ही बंदरं आहेत. पोर्ट एलिझाबेथला जहाज सकाळी आठला धक्क्याला लागतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सुटतं. मधली रात्र केबिनमध्ये न काढता एखाद्या चांगल्या सफारी लॉजमध्ये काढावी, यावर सगळ्यांचं एकमत आहे. खर्च जास्त आहे हे माहीत आहे, पण सगळ्या एकत्र अशा पुन्हा कधी जमू सांगता येत नाही.

माझा ओढा पोर्ट एलिझाबेथजवळच्या अ‍ॅडो एलिफंट नॅशनल पार्ककडे आहे. शेतीचं नुकसान होतं म्हणून तिथले हत्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेचून मारले गेले. 1931 मध्ये पार्क झालं तेव्हा अकराच उरले होते, आज सहाशेच्या वर आहेत. एवढं वाचल्यापासून ते कळप बघायचेच असं मनाने घेतलंय. काही मैत्रिणींचं म्हणणं मात्र शामवारीसारख्या खाजगी रिझर्व्हला (म्हणजे खाजगी मालकीच्या अभयारण्याला) जावं, तिथे प्राणी जवळून दिसतात.

मुख्य काळजी वेळेची. लॉजचं चेक-इन दुपारी दोनचं असतं म्हणे, आणि सफारी चारच्या सुमाराला निघते. आठला लागलेल्या जहाजातून सगळ्याजणी सामानासकट उतरून वेळेत पोचू का? क्रूझ कंपनीची रात्रीच्या मुक्कामाची सहल घ्यावी की लॉज थेट बुक करावं? थेट बुकिंग बरंच स्वस्त पडतंय. शिवाय एका मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला उंच उघड्या गाडीत चढणं जमेल का, आणि तिला नुसतं लॉजवर बसून राहावं लागू नये एवढीच माझी इच्छा आहे. ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

– मृद्गंध

दर्यावर्दी

मृद्गंध ताई, आधी जहाजाचं सांगतो, कारण सगळं त्यावर अडतं.

कंपनीची सहल घेतली आणि परतीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरावर तुम्हाला पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः बुक केलं तर ही जबाबदारी पूर्ण तुमची. पोर्ट एलिझाबेथहून केपटाउन रस्त्याने साधारण साडेसातशे किलोमीटर आहे, तेव्हा जहाज चुकलं तर काय, याचा विचार आधीच करून ठेवा. पण तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेळ आहे आणि अ‍ॅडो बंदरापासून सत्तरेक किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता. अशा वेळी मी थेट बुकिंगच करीन. फक्त दुपारी दोनपर्यंत बंदरात परत यायचं असं धरून चला. 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची, वेळ सुटण्याच्या आधीची असते, सहा वाजताची नव्हे.

मला खरी भीती वाटते ती वाऱ्याची. पोर्ट एलिझाबेथ वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे आणि वारा फार असला की जहाज बंदरात घेत नाहीत. कप्तानाने बंदर टाळलं तर तुमचं लॉजचं भाडं बुडेल. कंपनीच्या सहलीचे पैसे अशा वेळी सहसा परत मिळतात. म्हणून लॉजच्या रद्द करण्याच्या अटी आणि विमा, दोन्ही नीट वाचा.

आणि हो, रात्री जहाजावर नसाल हे रिसेप्शनला आदल्या दिवशीच कळवा आणि पासपोर्ट मागून घ्या. बऱ्याच जहाजांवर ते त्यांच्याकडेच ठेवलेले असतात. दक्षिण आफ्रिकेत शिरतानाची तपासणी डरबनला होईल, त्यामुळे पोर्ट एलिझाबेथला रांग कमी लागावी. व्हिसा सगळ्यांनी आधी काढलेला हवा, आणि पासपोर्टमध्ये कोरी पानं शिल्लक हवीत.

टिटवी

मृद्गंध, अ‍ॅडोच निवड गं! खाजगी रिझर्व्हमध्ये गाडी रस्ता सोडून झुडपात नेता येते आणि राष्ट्रीय उद्यानात नाही, हा फरक खरा आहे. सिंह किंवा बिबट्या जवळून बघायचा असेल तर शामवारी, अमाखाला, करिएगा अशी खाजगी रिझर्व्ह बरी. पण हत्तींसाठी रस्ता सोडायची गरजच पडत नाही. पाणवठ्यावर कळपच्या कळप येतात, पिल्लं आयांच्या पायांत घुटमळतात, आणि बऱ्याच हत्तिणींना सुळेच नसतात हे तिथे डोळ्यांनी दिसतं. अकरांपासून वाढलेल्या कळपाची ती खूण आहे. पार्कच्या आत खाजगी परवान्यावर चालणारं गोराह एलिफंट कॅम्प आहे, जुन्या फार्महाउसमधलं. ऐषारामही होईल आणि हत्तीही. या भागात मलेरिया नाही, त्यामुळे गोळ्यांची कटकट नाही.

जहाजावरून संत्री-मोसंबी पिशवीत टाकून नेऊ नका. पूर्वी हत्ती कुंपणाच्या आत राहावेत म्हणून त्यांना संत्री घालत. त्यापायी ते आक्रमक व्हायला लागले, पुढे ते बंद केलं, पण लिंबूवर्गीय फळं आत नेण्यावर अजून बंदी आहे.

गुडघ्याचं म्हणशील तर बुकिंग करतानाच लिहून कळव. सफारीच्या गाडीत बसायच्या रांगा पायऱ्यांसारख्या चढत्या असतात. ड्रायव्हरच्या लगेच मागची रांग सगळ्यात खाली आणि कमी हादरणारी. मागची रांग तिला मुळीच देऊ नका. चढायला स्टूल ठेवतात, फक्त मागायचं. सामान जहाजावरच राहू दे, प्रत्येकीने एका रात्रीची मऊ पिशवी घ्या. पहाटे उघड्या गाडीत उन्हाळ्यातही गार वारा लागतो, जाकीट हवंच. अंधार पडल्यावर खोलीतून जेवायला जाताना कर्मचारी सोबत येतो, एकटं निघायचं नाही.

मृद्गंध

दोघांचे मनापासून आभार! अ‍ॅडो नक्की केलं. शाकाहारी जेवणाचं आणि गुडघ्याचं आजच मेलमध्ये लिहिते. एकच विचारायचं राहिलं: आम्ही सहा आहोत, तर गाडी आमच्यापुरती मागावी का? त्याचे वेगळे पैसे आहेत.

टिटवी

मागच. दुसऱ्यांबरोबर असलात तर सकाळची सफारी त्यांच्या सोयीने संपेल. तुम्हाला न्याहारी करून अकराच्या आत निघायचंय. आपली गाडी असली की मैत्रिणीला दमायला झालं तर मध्येच परतताही येईल. बंदरावरून न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरचा आणि लॉजचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घाला, आणि जहाजाची वेळ बदलली तर लॉजला कोण कळवणार हे आत्ताच ठरवून टाका.