सांगलीहून मुंबईला कास्टिंगसाठी ये-जा, कमी खर्चात कशी जमवायची?

उंचमाडी_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, उंची पाच फूट नऊ इंच. कॉलेजच्या शोनंतर पुण्यातल्या एका फोटोग्राफरने साधे डिजिटल्स (मेकअपशिवायचे फोटो) काढून दिले, तेव्हापासून मुंबईच्या मॉडेलिंग कास्टिंगचे मेसेज येताहेत. मेसेज येतो आज संध्याकाळी आणि बोलावतात उद्या दुपारी. घरून महिन्याला तीन हजारांच्या वर काही मिळणार नाही. नातेवाईक म्हणाल तर कल्याणला मावशी, पण वन रूम किचनमध्ये पाच माणसं. ऑक्टोबरच्या फॅशन वीकची ऑडिशनही द्यायची आहे. गाडी कोणती, उतरायचं कुठे, कपडे बदलायचे कुठे, रात्र कुठे काढायची? आई एकटीला सोडायला तयार नाही, तो विषय वेगळाच.

अंधेरीकर_बाबू

सरळ अंधेरी वेस्टला पीजी घे. शेअरिंगमध्ये बेडचे दहा-बारा हजार, वर डिपॉझिट. गावाकडून ये-जा करून कोणी मॉडेल होत नसतं.

कृष्णाकाठ

बाबू, तिने महिन्याचे तीन हजार म्हटलंय, वाचलंस का?

पोरी, मी कराडची. अशीच ये-जा करून रॅम्प केला, आता बॅकस्टेजला ड्रेसरचं काम बघते. कुठल्या मेसेजला गाडीत बसायचं हे तू आधी ठरव, निम्मा खर्च तिथेच वाचतो. मेसेज आला की उलट विचारायचं: ब्रँड कोणता, बजेट किती, शूटची तारीख काय, आणि सेल्फ टेस्ट, म्हणजे घरीच काढलेला ऑडिशनचा व्हिडिओ, चालेल का. जाहिराती आणि कॅटलॉगची पहिली चाळणी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओवरच होते. साध्या भिंतीपुढे उभं राहून नाव, वय, उंची, गाव सांगायचं, मग डावी प्रोफाइल, उजवी प्रोफाइल, हात पुढे, हात मागे. एवढं सांगलीत गच्चीवरही होतं. शॉर्टलिस्ट करून बोलावलं तर जा. "आधी या, मग बजेट बघू" म्हणणाऱ्यासाठी तिकीट काढायचं नाही. आणि रजिस्ट्रेशन फी, आर्टिस्ट कार्ड, "पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करावा लागेल" असलं काही निघालं तर नंबर ब्लॉक. ही माणसं गावाकडच्या मुलींनाच गाठतात, कारण इतक्या लांबून आलेली पोर रिकाम्या हाताने परत जायला नको म्हणून पैसे काढते.

रॅम्पचं तसं नाही. तिथे चाल बघतात, प्रत्यक्षच जावं लागतं. तू ऑक्टोबर म्हणतेस, पण लॅक्मे फॅशन वीकचा ऑक्टोबरचा सीझन 2023 ला आणि 2024 ला दिल्लीत झाला. मुंबईचा मार्चमध्ये असतो, बीकेसीला जिओ वर्ल्डमध्ये. तेव्हा तू मार्च धर. मॉडेल ऑडिशनची तारीख त्यांच्या स्वतःच्या पेजवर येते, कुणाच्या फॉरवर्डवर विसंबू नकोस. त्याच सुमाराला डिझायनरांचे गो-सीही (मॉडेलने प्रत्यक्ष जाऊन भेटायचं) चालू असतात. एका ऑडिशनसाठी एक फेरी, असं करायचं नाही. त्याला जोडून आणखी एक-दोन भेटी मिळाल्या तरच निघ.

आता गाडी. महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री सांगलीत बसलीस की सकाळी मुंबई. पण दादरपर्यंत जाऊ नकोस, ठाण्याला उतर. तिथून लोकलने घाटकोपर आणि घाटकोपरहून मेट्रो थेट वर्सोवा. मेट्रोला जास्तीत जास्त 40 रुपये. दादरचा पूल सकाळच्या गर्दीत बॅग घेऊन ओलांडायचा आणि परत अंधेरीची लोकल पकडायची, ही कसरत वाचते. वर्सोवा स्टेशन सात बंगल्याला आहे. तिथून आराम नगर, म्हणजे ऑडिशनवाल्यांची वस्ती, चालत जाता येतं. पाय दुखत असले तर रिक्षा, मीटर 26 रुपयांपासून.

रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं. उद्याच्या कास्टिंगला त्याचा काय उपयोग, म्हणून तत्काळ. स्लीपरचं आदल्या दिवशी सकाळी 11 ला उघडतं, म्हणजे संध्याकाळी आलेल्या मेसेजला तेही गेलेलं. मग एसटी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, रात्रीची गाडी बघ. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरपेक्षा अंग जास्त आंबतं, पण खिसा वाचतो. आणि एवढ्या उशिरा बोलावणाऱ्याला बिनधास्त सांगायचं, "परवा चालेल का?" खरंच हवी असशील तर चालवतात.

आराम नगर बघून दचकू नकोस. जुनी बैठी घरं, त्यातच ऑडिशनच्या खोल्या. दारात पोरं उभी असतात, आत डोकावून विचारतात, "फिट है क्या?" म्हणजे रोलला शोभतो का. आतला मान वर न करता म्हणतो, "अनफिट." की पुढच्या दारात. हे ॲक्टिंगवाल्यांचं दार-दार फिरणं आहे, तू त्यात दिवस घालवू नकोस. ज्या पत्त्यावर वेळ दिलीय तिथेच जा.

बॅग पाठीवर मावेल एवढीच. काळा फिटिंगचा टँक टॉप, काळी स्किनी जीन्स, स्किन कलरचे इनर्स, सेफ्टी पिना, रबरबँड. काळ्या हील्स कापडी पिशवीत आणि पायात चप्पल, हील्स दारात गेल्यावरच चढवायच्या. मेकअप नको, केस मागे बांधलेले. रात्रभर गाडीत बसून पाय सुजतात, म्हणून घट्ट हील्स आणू नकोस, चाल बिघडते आणि समोरच्याला वाटतं पोरीला चालताच येत नाही. बॅग स्टेशनच्या क्लोकरूमला टाकायची असेल तर कुलूप लावलेली लागते, म्हणून छोटं कुलूप ठेव. डब्यात चपाती-भाजी आण. त्या भागातल्या कॅफेत एका कॉफीला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात बाहेर राइस प्लेट येईल.

रात्री मुक्काम टाळ. सकाळी उतरायचं, काम करायचं आणि रात्री आठनंतर सुटणारी हीच महालक्ष्मी पकडायची. झोप गाडीत, राहण्याचा खर्च शून्य. काम मिळालं की मात्र मुक्काम आलाच, कारण फिटिंग (कपडे अंगावर घालून बघणं) शोच्या आधी होतं आणि शो संपून ड्रेस परत करेपर्यंत मध्यरात्र होते. एक ते चार लोकल नसते. कल्याणची मावशी फिटिंगच्या दिवसापुरती, शोच्या रात्री तिकडे जायचा हट्ट नको. मुंबई सेंट्रल स्टेशनातच पॉड हॉटेल (झोपण्यापुरते छोटे कप्पे) आहे, आगाऊ बुक करून तिथे पड. आणि काम पक्कं होतानाच कन्व्हेयन्स (जाण्यायेण्याचा खर्च) वेगळा मिळणार का ते मेसेजवर लिहून घे. तोंडी कबूल केलेला कन्व्हेयन्स मला कधी दिसला नाही. मानधनही हातात यायला दोन-तीन महिने लागतात, त्या पैशावर पुढचं तिकीट धरू नकोस.

सुरतची_वहिनी

कृष्णाकाठने सगळं सांगितलंय, माझी एकच भर. सुरतेला साडी आणि ड्रेस मटेरियलच्या कॅटलॉगचं शूट कायम चालू असतं. रॅम्पचा तोरा नाही, पण दिवसाला बऱ्याच साड्या नेसवतात आणि ठरवलेले पैसे मिळतात. मुंबईहून रेल्वेने तीन-चार तास. साडी भराभर नेसता येत असेल तर अवश्य विचार कर.

उंचमाडी_सांगली

ताई, स्क्रीनशॉट काढून आईला दाखवला. ती म्हणते, "मी बरोबर येते." पण तिथे आईला घेऊन गेलं तर हसतील का? आणि दिल्लीचं जमेल का कधी?

कृष्णाकाठ

हसू देत. पहिल्या फेऱ्यांना आईला आणच. माझीही यायची, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू घेऊन बाहेर बाकड्यावर बसायची. कास्टिंगचा को-ऑर्डिनेटर जरा सरळ बोलतो मग. एसटीत तिलाही अर्धंच तिकीट.

दिल्लीला सांगलीवरून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, पण दीड दिवस जातो. मुंबईत एखादा सीझन चालून घे, मग कुणी तरी तिकिटासकट बोलावेल तेव्हा जा. स्वतःच्या खर्चाने नाही.