युरोपातील ट्रकचालकाचे ‘३५ तासांचे’ प्रमाणपत्र नागपुरात मिळू शकते का?

वाडीनाका (प्रश्न):
नमस्कार. माझा धाकटा भाऊ वाडीतील एका ट्रान्सपोर्टकडे ट्रेलर चालवतो. हेवी लायसन्स आहे आणि बुटीबोरीहून रायपूर, हैदराबाद अशा त्याच्या फेऱ्या असतात. एका एजंटाने त्याला पोलंडमध्ये ट्रकचालकाची नोकरी सांगितली आहे. तिकडे चालकांना व्यावसायिक सक्षमतेचे ३५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे असून ते आम्ही नागपुरातच पाच दिवसांत पूर्ण करून प्रमाणपत्र देतो, असे हा एजंट म्हणतो आणि फी आगाऊ मागतो. हे प्रमाणपत्र तिकडे चालेल का? आपल्याकडे असे प्रशिक्षण कायद्याने आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

नियमावली:
३५ तासांचा आकडा खरा आहे, पण तो तुमच्या भावाला लागू होत नाही, आणि एजंटाची सगळी मखलाशी नेमकी तेथेच आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने आणलेल्या आणि आता २०२२ च्या निर्देशात असलेल्या नियमांनुसार बस व ट्रकचालकांचे प्रशिक्षण दोन टप्प्यांत असते. व्यवसायात प्रथमच येणाऱ्याला आधी प्रारंभिक पात्रता मिळवावी लागते. जेथे ती अभ्यासक्रमाने दिली जाते तेथे पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा आणि जलद अभ्यासक्रम १४० तासांचा असतो, आणि त्यानंतर परीक्षा होते. ३५ तास हे पुढचे, म्हणजे ही पात्रता आधीच असलेल्या चालकाने दर पाच वर्षांनी करायच्या उजळणीचे. ब्रिटनमध्येही हीच व्यवस्था बसचालकांना २००८ पासून आणि लॉरीचालकांना २००९ पासून लागू झाली.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे, की संघाबाहेरील नागरिकाने प्रारंभिक पात्रता कोठे मिळवायची हे निर्देशातच लिहिलेले आहे: ज्या देशात नोकरी देणारी कंपनी आहे तेथे, किंवा ज्या देशाने कामाचा परवाना दिला तेथे. पात्रता मिळाल्यावर लायसन्सवर किंवा चालकाच्या स्वतंत्र कार्डावर ९५ हा सांकेतिक क्रमांक येतो आणि रस्त्यावरील तपासणीत तोच पाहिला जातो. नागपुरात छापलेल्या कागदावर तो येणार कसा? आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याने ही अट टळते, असेही कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

पैसे देण्यापूर्वी एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला नोंदणी आवश्यक आहे, आणि उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे.

खापरी_टँकर:
भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. सर्वसाधारण ट्रकचालकाला आपल्याकडे ठरावीक काळाने वर्गात बसावे लागत नाही. व्यावसायिक लायसन्सचे नूतनीकरण २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी होते, इतकेच. युरोपातील पद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९, जो आम्हा धोकादायक माल नेणाऱ्यांना लागू आहे. त्यात मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचा अभ्यासक्रम असतो: पहिले दोन दिवस बचावात्मक वाहनचालन व प्रगत कौशल्यांचे आणि तिसरा मालाच्या सुरक्षिततेचा.

या तिसऱ्या दिवसाचा उपयोग प्रत्यक्ष रस्त्यावर होतो. पेट्रोलच्या टँकरच्या पाटीवर १२०३ हा आकडा आणि वर ‘३वायई’ अशी खूण असते. १२०३ म्हणजे पेट्रोल, ३ म्हणजे आग विझवायला फेस वापरा, आणि शेवटचा ‘ई’ म्हणजे आजूबाजूची माणसे हलवण्याचा विचार करा. गळती झाली की बघ्यांची गर्दी आधी जमते आणि अग्निशमन दल मागाहून येते. तोवर ही पाटी वाचता येणारा माणूस तेथे बहुधा चालक एकटाच असतो. तरीही हे तीन दिवस म्हणजे सुट्टी, असे समजणारे चालक मी भरपूर पाहिले आहेत.

वाडीनाका:
दोघांचेही आभार. नियमावली, एक विचारतो: पुढे खरोखर कंपनीमार्फत जाण्याचा योग आला, तर भावाने आत्तापासून कशाची तयारी करावी? गाडीवर त्याचा हात चांगला आहे.

निवृत्त_प्रशिक्षक:
यावर मी लिहितो, कारण चालकांना शिकवण्यातच माझी नोकरी गेली. हात चांगला असणे तिकडे गृहीतच धरतात. आपला चालक अडखळतो तो वेळेच्या हिशेबात. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला ९ तास, आठवड्यातून फार तर दोनदा १० तास, आणि सलग दोन आठवडे मिळून ९० तासांच्या वर गाडी चालवता येत नाही. मालक फोनवर कितीही ओरडला तरी टॅकोग्राफ हे यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते.

आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली. पण ट्रकमध्ये ते मोजणारे काही नसल्यामुळे खेपेची घाई तेवढी उरली. म्हणून भावाला साधी वही घ्यायला सांगा. चाक फिरू लागल्याची वेळ, थांबल्याची वेळ, आणि थांबल्यावर तो झोपला की माल उतरवत उभा राहिला, हे लिहायचे. कारण माल उतरवणे तिकडे कामात धरतात, विश्रांतीत नाही. सोबत कामापुरते इंग्रजी वाचायला शिकू द्या, कारण ज्या देशात जाईल तेथील भाषा येईपर्यंत कागदपत्रे त्यावरच निभावतील.

वाडीनाका:
वही आजच घेतो. एजंटाकडे नोंदणी क्रमांक आणि पोलंडमधील कंपनीचे नाव लेखी मागितले आहे. तो ‘आधी फी भरा, मग देतो’ म्हणाला, त्यामुळे सध्या पैसे दिलेले नाहीत.