मेहरांगीर बंगला सरकारने विकत घ्यायला हवा होता का?

वाशीकर: मलबार हिलवरचा होमी भाभा यांचा समुद्राभिमुख ‘मेहरांगीर’ बंगला २०१६ मध्ये पाडला गेला, याची खंत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त होऊन नवी मुंबईत स्थायिक झालेल्या आमच्यासारख्यांना आजही वाटते. १९६६ मध्ये मों ब्लां पर्वतावरील विमान अपघातात होमी गेले. त्यानंतर बंधू जमशेद यांनी हे घर सांभाळले आणि २००७ मध्ये त्यांच्या निधनानंतर मृत्युपत्रानुसार ते एनसीपीए या कलासंस्थेकडे गेले. संस्थेने २०१४ मध्ये लिलाव करून ३७२ कोटी रुपयांना ते विकले. राष्ट्रीय स्मारकासाठी अणुसंशोधन केंद्रातील कर्मचारी उच्च न्यायालयापर्यंत गेले, तरीही सरकार पुढे आले नाही, हे मला अक्षम्य वाटते.

पाचपाखाडी, ठाणे: आपल्या भावना समजतात, परंतु मी असहमत आहे. जमशेद हे एनसीपीएच्या संस्थापकांपैकी एक होते. आपली मालमत्ता कलांच्या कामी यावी, ही त्यांचीच इच्छा होती आणि लिलावाने ती पूर्ण झाली. होमींचे खरे स्मारक तुर्भ्याला आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, उभे आहे. एका धनाढ्य घराण्याच्या निवासासाठी जनतेच्या तिजोरीतून एवढी रक्कम का द्यावी?

वाशीकर: विक्रेत्या संस्थेला मी दोष देत नाही, प्रश्न खरेदीदाराचा आहे. लंडनमध्ये डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत जिथे राहिले, ते घर आपल्या राज्य सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले आणि ते अत्यंत योग्य झाले. मग मुंबईतल्या घराबाबत तीच तत्परता का नसावी? शिवाय भाभा कुटुंबाची घरे ही केवळ श्रीमंतांची निवासस्थाने नव्हती. टीआयएफआरचे मुंबईतील काम १९४५ मध्ये पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात सुरू झाले, तो होमींच्या मावशीचा होता.

पाचपाखाडी, ठाणे: केनिलवर्थचा मुद्दा मान्य आहे, पण तो मेहरांगीरला लागू होत नाही, कारण तिथे संस्था नव्हे, कुटुंब राहत होते. लंडनच्या घराची किंमतही याच्या जवळपास नव्हती.

नेरुळ सेक्टर १९: किंमत परवडत नव्हती असे मानले, तरी पाडण्यापूर्वी त्या वास्तूचे मोजमाप, आराखडे आणि छायाचित्रे सरकारी अभिलेखागारात ठेवण्याची सक्ती करता आली असती. त्याला ३७२ कोटी लागत नाहीत.